फील्ड प्रोजेक्टच्या साठ तासांविषयी विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
वाणिज्य, व्यवस्थापन आणि समाजकार्य अभ्यास मंडळे,
महाराष्ट्रातील सर्व विद्यापीठे.

सन्माननीय सदस्यहो,

सप्रेम नमस्कार.

मी एका तालुक्याच्या गावातील महाविद्यालयात गेली बावीस वर्षे वाणिज्य शिकवतो. हे पत्र लिहायला बसलो तेव्हा माझ्या टेबलावर फील्ड प्रोजेक्टच्या अडुसष्ट फायली होत्या. त्यांपैकी सतरा फायलींत एकाच गावाचे सर्वेक्षण होते, प्रत्येकीत घरांची संख्या ४१२ होती आणि 'आपण नियमित बचत करता का?' या प्रश्नाला त्या ४१२ कुटुंबांनी एकमुखाने 'होय' असे उत्तर दिले होते. एका फायलीत तर गावाचे नाव बदलायचे राहून गेल्यामुळे मुखपृष्ठावर एक गाव आणि आत दुसरेच गाव होते.

मुलांना मी दोष देत नाही. दोन श्रेयांकांसाठी (क्रेडिट्ससाठी) साधारण साठ तास समाजात जा, असे आपण त्यांना सांगितले; कोणत्या वस्तीत जायचे, कोणाकडे, कशासाठी, आणि एसटीचे भाडे कोणी द्यायचे, हे मात्र सांगितले नाही. अडुसष्ट मुलांमागे मार्गदर्शक मी एकटा, आणि माझ्या कार्यभाराच्या तक्त्यात या कामासाठी जेवढे तास धरले जातात तेवढ्यात एकाही वस्तीला धड दोन भेटी होत नाहीत. अशा परिस्थितीत झेरॉक्सच्या दुकानात तयार फाइल मिळत असेल, तर ती घेणे मुलांना शहाणपणाचे वाटते. त्यांच्या जागी मी असतो तर मीही कदाचित तेच केले असते.

तरीही या साठ तासांबद्दल मला आस्था आहे आणि म्हणूनच हे पत्र. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आपल्या राज्यात २०२३-२४ पासून स्वायत्त आणि २०२४-२५ पासून संलग्नित महाविद्यालयांत जी श्रेयांक रचना आली, तिच्यात फील्ड प्रोजेक्ट, समाज सहभाग प्रकल्प आणि प्रत्यक्ष कार्यानुभव यांना पदवीचा रीतसर भाग म्हणून स्थान मिळाले. माझ्या नोकरीच्या काळात अभ्यासक्रमात झालेला याहून महत्त्वाचा बदल मला आठवत नाही. त्याच वेळी 'सामाजिक उद्योजकता', म्हणजे समाजाचे प्रश्न उद्योगाच्या मार्गाने सोडवणे, हा विषयही बी.कॉम., बी.बी.ए. आणि समाजकार्याच्या अभ्यासक्रमांत ठिकठिकाणी येऊ लागला आहे. या दोन गोष्टी एकाच वेळी आल्या, पण आपण त्यांची गाठ घातलेली नाही. सामाजिक उद्योजकता आपण वर्गात शिकवतो आणि समाजात पाठवताना मुलांच्या हाती नुसती प्रश्नावली देतो.

वर्गात काय शिकवतो, तेही सांगायला हवे. 'यशस्वी सामाजिक उद्योजकाचे गुण स्पष्ट करा' हा आपल्या प्रश्नपत्रिकांचा ठरलेला प्रश्न आहे. मुले दहा गुण लिहितात: सहानुभूती, चिकाटी, नेतृत्व, जोखीम घेण्याची तयारी, नावीन्याची आवड, दूरदृष्टी वगैरे. दहा मुद्द्यांना दहा गुण देऊन आम्ही पुढचे पान उलटतो. चिकाटी म्हणजे काय, हे ज्याने कधी तिसऱ्यांदा नकार ऐकलेला नाही तो विद्यार्थी सुवाच्य अक्षरात लिहून देतो आणि आम्ही ते बरोबर धरतो.

याहून काळजीची गोष्ट म्हणजे हे गुण मुलांत आहेत की नाहीत, ते मोजून मुलांची निवड करण्याकडे आपला वाढता कल. काही वर्षांपूर्वी एका कार्यशाळेत बाहेरून आलेल्या प्रशिक्षकांनी आमच्या मुलांकडून चाळीस विधानांची एक चाचणी भरून घेतली. 'मला अनोळखी लोकांशी बोलायला आवडते', 'मी जोखीम पत्करायला घाबरत नाही' अशी विधाने होती. गुणांची बेरीज करून ज्यांना तीसच्या वर गुण पडले त्यांना पुढच्या बाकांवर बसवले आणि उरलेल्यांना 'आपण नोकरीसाठी अधिक योग्य आहात' असे सांगितले. उरलेल्यांत माझ्या वर्गातील एक मुलगी होती. घरी दीड एकर कोरडवाहू जमीन, वडील दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर चालक. ती वर्गात कधी हात वर करत नसे. जोखमीच्या विधानापुढे तिने 'नाही' अशी खूण केली होती आणि माझ्या मते ती अत्यंत खरी होती. ज्या घरात एक हंगाम बुडाला की धाकट्या भावाची शाळा सुटते, त्या घरातल्या मुलीने जोखीम आवडत नाही म्हणणे हा भित्रेपणा नसतो, ते परिस्थितीचे अचूक आकलन असते. ज्यांच्या पाठीशी घर, जमीन आणि नातेवाइकांचा पैसा आहे त्यांना अशा चाचणीत धाडसी ठरणे सोपे जाते. स्वभाव मोजतो आहोत असे समजून आपण बहुतेक वेळा घरची ऐपतच मोजत असतो.

त्याच मुलीची पुढची हकिकत सविस्तर सांगतो, कारण माझे म्हणणे तिच्यातच आहे.

तिला प्रकल्पासाठी मी तिच्याच गावातील एका महिला बचत गटाकडे पाठवले. गट उन्हाळ्यात कुरडया, पापड, सांडगे करून विकत असे. पहिल्या भेटीनंतर ती परत आली ती एक छापील उत्तर घेऊनच: 'सर, त्यांनी ऑनलाइन विक्री करायला हवी.' मी तिला म्हटले, आधी एका किलो कुरडईचा खर्च मला काढून दाखव. ती पुन्हा गेली आणि अध्यक्षबाईंना विचारू लागली. त्यांनी गहू, गॅस, मीठ, हिंग, पिशव्या असा खर्च सांगितला. 'आणि मजुरी किती धरायची, काकू?' असे तिने विचारल्यावर तिथल्या बायका हसल्या. 'मजुरी कसली गं, आपलेच हात की!'

त्या उत्तरापाशी ती थांबली नाही, याचे मला आजही अप्रूप वाटते. चैत्रात गटाने दहा किलो गव्हाचा एक घाणा घातला, तेव्हा ती पहिल्या दिवसापासून वही घेऊन तिथे होती. गहू तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलावे लागते. मग वाटणे, गाळणे, चीक रात्रभर निवळू देणे, पहाटे वरचे पाणी काढून तो गाठी न होऊ देता शिजवणे आणि गरम असतानाच सोऱ्यातून पाडणे. ऊन चढायच्या आत हे उरकावे लागते. शिजणारा चीक हाटताना दंड भरून येतात, सोऱ्या दाबताना तळहात पोळतो. नंतरचे दोन दिवस वाळवण राखत बसायचे. तिने तिघींचे मिळून तास लिहिले: सत्तावीस. साहित्याचा खर्च ५२० रुपये, वाळून मिळालेल्या कुरडया साडेचार किलो, विक्री २८० रुपये किलोने १२६० रुपये. उरले ७४० रुपये, म्हणजे तासाला सत्तावीस रुपयांच्या आसपास. त्याच शिवारात त्याच महिन्यात बायकांना आठ तासांच्या शेतकामाचे तीनशे रुपये मिळत होते.

हा हिशेब तिने गटाच्या बैठकीत वाचून दाखवला. पुढे काय झाले ते तिने मला पुष्कळदा सांगितले आहे. आधी कोणी काही बोलले नाही, मग एक वयस्कर बाई म्हणाल्या, 'म्हंजे आपण रानात गेलो असतो तर बरं होतं की.' त्यानंतर चर्चा दोन तास चालली. सुट्या विक्रीला गिऱ्हाईक किमतीवरून घासाघीस करते, पण रुखवतासाठी घेणारे लोक वस्तूचा देखणेपणा बघतात, ही माहिती बायकांकडेच होती. ती त्यांना कधी कोणी विचारली नव्हती. गटाने लग्नसराईच्या ऑर्डरी आगाऊ घ्यायच्या आणि भाव ३६० रुपये ठेवायचा असे ठरवले. तासाची मिळकत चाळीस रुपयांच्या थोडी वर गेली. यात डोळे दिपावेत असे काही नाही, हे मला मान्य आहे. पण चाळीस विधानांच्या चाचणीत मागे पडलेली मुलगी आता वीस बायकांसमोर उभी राहून हिशेब मांडत होती, आणि ते धैर्य तिला कोणत्याही व्यक्तिमत्त्व विकासाच्या व्याख्यानाने दिलेले नव्हते. आपले आकडे खरे आहेत हे तिला ठाऊक होते, त्यातून ते आले होते.

एका मुलीवरून निष्कर्ष काढू नये, हे मला समजते. म्हणून अभ्यासकांचे म्हणणे सांगतो. कोपनहेगन बिझनेस स्कूलचे काय हॉकर्ट्स यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात सामाजिक उद्योग उभारण्याची इच्छा कशातून निर्माण होते याचा शोध घेतला. दुसऱ्याच्या दुःखाची जाणीव, नैतिक कर्तव्याची भावना, 'हे मला जमेल' असा स्वतःच्या क्षमतेवरचा विश्वास आणि 'मला साथ मिळेल' हा भरवसा, असे चार घटक त्यांनी तपासले. सामाजिक प्रश्नाचा पूर्वानुभव या घटकांच्या द्वारे त्या इच्छेपर्यंत पोहोचवतो, असे त्यांना आढळले. चारांत सर्वांत प्रभावी ठरला तो 'हे मला जमेल' हा विश्वास, आणि अनुभवाने सर्वाधिक वाढतो तोही हाच. आमच्या अध्यापनाच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. करुणा आपल्या मुलांत बऱ्याच अंशी असतेच, कारण त्यांतील अनेक जण ती परिस्थिती जगतच महाविद्यालयापर्यंत आलेली असतात. कमी पडतो तो विश्वास, आणि तो वाढवण्याची जागा नेमकी ती साठ तासांची आहे, जी आपण झेरॉक्सच्या दुकानाला देऊन टाकली आहे.

विद्यापीठाने वस्तीत पाऊल टाकले आणि त्यातून मोठे काम उभे राहिले, याची उदाहरणे दूरची नाहीत. बांगलादेशात मुहम्मद युनूस चितगाव विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवत होते. १९७६ मध्ये त्यांनी शेजारच्या जोब्रा गावात सावकाराच्या किंवा व्यापाऱ्याच्या पैशांवर काम करणाऱ्यांची यादी एका विद्यार्थिनीकडून करून घेतली. यादीत ४२ नावे निघाली आणि त्या सर्वांची मिळून गरज होती ८५६ टाका, म्हणजे त्या वेळचे सुमारे २७ डॉलर. गरिबांना छोटी कर्जे देणाऱ्या युनूस यांच्या ग्रामीण बँकेचा उगम असा एका विद्यार्थिनीने आठवडाभर फिरून केलेल्या यादीत आहे. ती यादीसुद्धा एक फील्ड प्रोजेक्टच होती. फरक एवढाच की ती खरी होती आणि ती करून घेणारा शिक्षक तिच्यातील आकडा पाहून अस्वस्थ झाला.

पुण्याचे उदाहरण तर आपल्या अंगणातले आहे. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ व निरंतर शिक्षण विभागातील शिक्षिका नव्वदीच्या सुरुवातीला कचरा वेचणाऱ्या मुलींसाठी वर्ग चालवत होत्या. वर्गात बसवून अक्षरे गिरवून घेण्यापुरते त्यांनी काम ठेवले असते तर अहवाल उत्तम झाला असता. पण त्या शिक्षिका मुलींबरोबर कचराकुंड्यांपर्यंत गेल्या आणि त्यांच्या लक्षात आले की सुका कचरा घरातूनच वेगळा मिळाला, तर या बायकामुलींचे श्रम निम्म्यावर येतील आणि कमाईही वाढेल. पुढे १९९३ मध्ये बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली आणि २००८ मध्ये पुणे महानगरपालिकेशी करार करून 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था दारोदार कचरा गोळा करू लागली. उकिरड्यावर वाकणाऱ्या बाईला गणवेश, ओळखपत्र आणि दर घरामागे ठरलेले सेवाशुल्क मिळाले. शिक्षण खात्याच्या भाषेत हा विस्तार कार्याचा एक उपक्रम होता, आणि आज महाविद्यालयांत 'विस्तार कार्य' या शब्दाखाली एका दिवसाचे वृक्षारोपण आणि त्याचे छायाचित्र येते, याचे मनापासून वाईट वाटते.

येथे हिशेबाबद्दल दोन शब्द अधिक लिहावेसे वाटतात. आपल्या भाषेत 'हिशेबी माणूस' ही फारशी स्तुती नाही. समाजकार्य म्हटले की पदरमोड, त्याग आणि झोकून देणे हे शब्द आपोआप येतात. माझ्या पिढीने बाबा आमटे यांच्या आनंदवनाकडे पाहून हेच शब्द शिकले. पण आनंदवनाकडे नीट पाहिले तर तिथे कुष्ठरुग्णांनी स्वतः विहीर खणली, शेती केली, वस्तू तयार केल्या आणि विकल्या. दानाने माणूस दुबळा होतो, कामाने उभा राहतो, ही त्या वसाहतीची धारणा होती. मुंबईत गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, तेव्हा 'देणगी घ्यायची नाही' आणि 'हिशेब चोख ठेवायचा' हे दोन नियम त्यांनी आरंभापासून पाळले. लिज्जत पापडाची गोष्ट आपण मुलांना यशोगाथा म्हणून सांगतो. त्या बायकांनी मजुरी कशी ठरवली, नफा कसा वाटला आणि तोटा आला तर तो कोणी सोसायचा हे कसे ठरवले, हे शिकवत नाही. वास्तविक हाच भाग वाणिज्याच्या शिक्षकाच्या हातचा आहे.

माण तालुक्यातील म्हसवडची माणदेशी महिला सहकारी बँकही याच कारणाने मला वर्गात सांगावीशी वाटते. लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्याआधी झोपडीवर घालायच्या प्लास्टिकच्या कागदासाठी थोडे थोडे पैसे साठवायचे होते आणि कोणतीही बँक तिचे खाते उघडत नव्हती, तिथून चेतना सिन्हा यांनी या बँकेचा विचार सुरू केला. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण प्रवर्तक सभासदांपैकी काही जणींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या बायका लिहायला-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या की कोणत्याही रकमेचे व्याज आम्हाला तोंडी विचारा आणि तुमच्या अधिकाऱ्यांनाही यंत्राशिवाय ते काढायला सांगा. १९९७ मध्ये परवाना मिळाला. या प्रसंगात चिकाटी आहे, धैर्य आहे, आत्मविश्वास आहे. प्रश्नपत्रिकेतील दहापैकी निदान सहा गुण आहेत. हे गुण त्या बायकांत कोणी चाचणी घेऊन शोधले नव्हते. नकार आणि त्याला द्यायचे उत्तर यांच्या मधल्या काही महिन्यांत ते तयार झाले, आणि त्या महिन्यांत साक्षरतेचा वर्ग चालू होता, ही गोष्ट शिक्षकांनी विसरू नये.

शिक्षणाचा साचा म्हणून पाहायचे तर पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमाकडे जावे लागेल. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातील नोकरी सोडून १९८३ मध्ये ते केंद्र सुरू केले. त्यांनी माध्यमिक शाळांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा जो अभ्यासक्रम रचला, त्यात मुले आठवड्यातील एक दिवस हातांनी काम करतात: वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, माती परीक्षण, रक्तातील हिमोग्लोबिनची तपासणी, रोपवाटिका. मला त्यातील महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की ही कामे सराव म्हणून करून मोडून टाकायची नसतात. मुले ती गावासाठी करतात आणि गाव त्यांचे पैसे देते. फाटकाची बिजागरी नीट बसली नाही तर घरमालक बोलावून घेतो. शिक्षकाने दिलेले सात गुण आणि घरमालकाने ओढून पाहिलेली बिजागरी यांत जो फरक आहे, त्याच फरकातून जबाबदारी नावाचा गुण येतो. रयत शिक्षण संस्थेत कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 'कमवा आणि शिका' म्हणून जे रुजवले, तेही याच कुळातले. आपल्याकडे ही परंपरा शंभर वर्षांची आहे. परदेशी नमुने शोधत बसण्याची गरज नाही.

आता मागणे काय आहे ते मांडतो.

फील्ड प्रोजेक्ट आणि समाज सहभाग प्रकल्प वेगवेगळ्या सत्रांत वेगवेगळ्या विषयांवर करायला लावू नयेत. विद्यार्थ्याने पदवीच्या काळात एकाच वस्तीत, एकाच गटाबरोबर किंवा एकाच प्रश्नावर परत परत जावे, अशी सोय श्रेयांकांच्या चौकटीतच करता येण्यासारखी आहे. पहिल्या भेटीत मुलगा पाहुणा असतो आणि त्याला सगळे 'होय' म्हणतात. माझ्या सतरा फायलींतील ४१२ होकार खोटे होते, पण एका भेटीचे खरे सर्वेक्षणही त्याहून फार वेगळे उत्तर आणत नाही, असा माझा अनुभव आहे. चौथ्या-पाचव्या भेटीत कोणीतरी चहा ठेवतो आणि कर्जाचे बोलतो.

दुसरे मागणे मूल्यमापनाचे. फाइलची पाने आणि रंगीत मुखपृष्ठ यांना गुण देणे बंद करावे. ज्या लोकांमध्ये काम केले त्यांच्यासमोर अहवाल मराठीत वाचून दाखवणे सक्तीचे करावे आणि त्या वाचनात लोकांनी घेतलेल्या हरकती अहवालाला जोडाव्यात. जमाखर्चाचे एक पान प्रत्येक अहवालात असावे. प्रकल्प फसला असेल आणि तो का फसला याचा प्रामाणिक हिशेब विद्यार्थ्याने दिला असेल, तर त्याला पूर्ण गुण मिळण्याची तरतूद नियमात स्पष्ट शब्दांत हवी. ती परीक्षकाच्या मर्जीवर सोडू नये. आज फसलेला प्रकल्प लपवावा लागतो, म्हणूनच तो छापील यश म्हणून विकत मिळतो.

शिक्षकांच्या बाबतीत मी संकोच न करता लिहितो. वस्तीत घालवलेला तास हा अध्यापनाचा तास धरला गेला पाहिजे आणि एका मार्गदर्शकाकडे पंधरा-वीसहून अधिक विद्यार्थी असू नयेत. ज्या बचत गटाच्या अध्यक्षबाई, जे सुतार, ज्या आशाताई आमच्या मुलांना शिकवतात, त्यांना मानधन मिळावे. अतिथी व्याख्यात्याला आपण देतो ते त्यांना नाकारण्याचे कारण मला सापडत नाही. मुलांचा प्रवासखर्च, आणि विशेषतः मुलींना संध्याकाळची शेवटची बस चुकणार नाही अशी वेळ, या बाबी किरकोळ वाटतात, पण प्रकल्प खरा होतो की खोटा हे बहुतेक वेळा त्यांवरच ठरते.

व्यक्तिमत्त्व चाचण्यांवरून मुलांची निवड करण्याची प्रथा विद्यापीठाच्या उपक्रमांतून काढून टाकावी, आणि 'गुण स्पष्ट करा' या प्रश्नाऐवजी एखाद्या खऱ्या गटाचा जमाखर्च देऊन 'यांनी भाव वाढवावा का? कोणावर परिणाम होईल?' असे विचारावे.

माझ्या काही सहकाऱ्यांचा आक्षेप असा आहे की सगळीच मुले थोडीच सामाजिक उद्योजक होणार आहेत! होणार नाहीत, हे खरेच. टाटा समाजविज्ञान संस्थेने २००७ पासून या विषयाचा स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवला आणि गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने २००६ पासून 'निर्माण'च्या शिबिरांतून तरुणांना प्रश्नांपर्यंत नेले. तिथे जाणारी मुले निवडून आलेली आणि मनाची तयारी केलेली असतात. आमच्याकडची बहुसंख्य मुले पतसंस्थेत, तलाठी कार्यालयात, बँकेत, दुकानात जातील. पण उद्या बचत गटाचा कर्जाचा अर्ज ज्याच्या टेबलावर येईल, त्या मुलाने एकदा तरी कुरडईचे सत्तावीस तास मोजलेले असावेत, असे मला वाटते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: रेशन, दवाखाना, शाळा ही शासनाची कामे 'उद्योजकते'च्या नावाखाली लोकांच्याच गळ्यात घातली जातील. ही भीती रास्त आहे. म्हणूनच विद्यार्थ्याला कोणता प्रश्न विक्री करून सुटतो आणि कोणता प्रश्न ग्रामसभेत हक्काने मांडावा लागतो, हे ओळखता आले पाहिजे, आणि ते ओळखण्याची जागाही वस्तीच आहे.

वर उल्लेख केलेली विद्यार्थिनी यंदा पदवीधर झाली. सध्या ती एका पतसंस्थेत काम करते आणि रविवारी गटाच्या वह्या पाहते. आपल्या पुढील बैठकीत या विषयासाठी अर्धा तास मिळाल्यास ती, गटातील दोघी जणी आणि मी असे चौघे स्वखर्चाने येऊ. वही बरोबर आणू. वेळ दुपारी बारानंतरची ठेवावी, ही विनंती. आमच्याकडून निघणारी पहिली एसटी जिल्ह्याच्या ठिकाणी साडेअकराला पोहोचते.

कळावे,

आपला नम्र,
वाणिज्याचा एक शिक्षक